हिरवळीतले तण आणि खाचखळगे : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे पावसाळ्यात येणारी पत्रे एरवी कपाशी, तूर आणि संत्र्याविषयी असतात. या वेळी मात्र अंगणातल्या हिरवळीविषयी बरीच पत्रे आली आहेत. गावोगावी नवी घरे बांधताना समोर लॉन करण्याची हौस वाढली आहे, आणि काळ्या मातीत ती हौस दोन-तीन वर्षांत कशी जेरीस येते हे या पत्रांवरून दिसते. त्यांतील पाच पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमचे घर शेताला लागून असून समोर सुमारे 1000 चौरस फूट लॉन आहे. रोपवाटिकेतून हराळीचे सुधारित गवत आणून लावले, तेव्हा जागा अगदी सपाट होती. आता जागोजागी उंचवटे आणि खळगे झाले आहेत. खळग्यांत लव्हाळा माजला आहे, तर उंचवट्यांवर एकदांडी आणि दुधी उगवते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा मी दरवर्षी माती आणि रेती टाकून बुजवतो, तरी पावसाळ्यात जमीन पुन्हा वरखाली होते. तलावातला गाळ आणून सगळीकडे पसरावा काय? तणासाठी काय फवारावे? आमचे मामासासरे तर म्हणतात, “आमी जलमभर हरयाळी खंदत आलो, अन् तू पयसे देऊन लावतं!”
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : मामासासऱ्यांचे म्हणणे वावराच्या दृष्टीने खरेच आहे. ज्या चिवटपणामुळे हराळी कपाशीत नकोशी होते, त्याच चिवटपणामुळे ती अंगणात उपयोगी पडते, आणि आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात तग धरणारे दुसरे गवत सहसा सापडत नाही.

आपण तण आणि खाचखळगे अशा दोन तक्रारी लिहिल्या आहेत, परंतु त्यांचे मूळ एकच आहे आणि त्याची खूण आपल्याच पत्रात आहे. गवत कापण्याचे यंत्र उंचवट्यावरून जाते तेव्हा त्याचे पाते तेथील गवत मुळापर्यंत खरवडून काढते, माती उघडी पडते आणि ऊन मिळताच एकदांडी, दुधी, गोखरू यांच्या बिया तेथे रुजतात. खळग्यात याच्या उलट घडते. पाणी साचून राहिल्याने हराळीची मुळे गुदमरतात आणि ओलीत सुखाने वाढणारा लव्हाळा ती जागा बळकावतो. म्हणून आधी जमीन नीट करावी आणि तणाला हात त्यानंतर घालावा. आपण आजवर केलेली निंदणाची मेहनत वाया गेली ती हा क्रम उलटा झाल्यामुळे.

काळी माती वरखाली का होते, हे समजून घेतल्यावर उपायही सोपा होतो. या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणूनच मे महिन्यात मूठ आत जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांत आपण माती-रेती भरता, मग पहिला दमदार पाऊस येतो, माती फुगू लागते, परंतु तिला पसरायला ठेवलेली जागा आपण आधीच बुजवलेली असते. तेव्हा ती वरच्या दिशेने उचलली जाते आणि भेगेच्या काठाने उंचवटा तयार होतो. अर्थात यातले काही उंचवटे आपल्याच हातचे आहेत. उन्हाळ्यात भेगा भरू नयेत. त्या पडूच नयेत म्हणून आठवड्यातून एक-दोनदा खोलवर पाणी द्यावे. रोज सायंकाळी नळीने वरवर शिंपडल्याने ओल खाली जात नाही आणि मुळेही वरच राहतात. हिशेबासाठी सांगायचे तर एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर, आणि आपल्या लॉनला 25 मिलिमीटरची एक पाळी द्यायची झाल्यास सव्वादोन ते अडीच हजार लिटर पाणी लागेल. विहीर मे महिन्यात तळाला जात असेल तर हिरवळीचा आकार निम्मा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सपाटीकरणाचे काम भेगा मिटल्यानंतर आणि गवत जोमात असताना, म्हणजे साधारण जुलैच्या उत्तरार्धात पावसाने उघडीप दिली की करावे. जोरदार सरीनंतर दोन-तीन तासांनीही जेथे पाणी उभे असेल त्या जागेच्या कडेने चुन्याची फक्की टाकून ठेवावी. डोळ्यांना सपाट वाटणारी जमीन सपाट असतेच असे नाही, परंतु पाणी खोटे बोलत नाही. नंतर खुंट्या ठोकून सूत बांधावे आणि गवंड्याजवळची पाण्याची लेव्हल ट्यूब आणून ढाळ तपासावा. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दर 8 फुटांमागे एक ते दोन इंच ढाळ असावा. पाटी ठेवल्यासारखे अगदी समतल अंगण काळ्या मातीत कामाचे नाही, कारण तिच्यातून पाणी फार सावकाश झिरपते.

जे खळगे इंचभरापेक्षा उथळ आहेत ते वरून मिश्रण टाकून भरता येतात. दोन भाग जाड रेती, एक भाग त्याच अंगणातली चाळलेली माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे आणि एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त थर देऊ नये. थर दिल्यावर गवताची टोके वर दिसली पाहिजेत; ती झाकली गेली तर खालचे गवत पिवळे पडून कुजते. मिश्रण दाताळ्याच्या उलट्या बाजूने किंवा फळीने ओढून खळग्यात बसवावे, पाणी द्यावे, आणि गवत त्यातून वर आले की तीन-चार आठवड्यांनी दुसरा थर द्यावा. साऱ्या 1000 चौरस फुटांवर एक सेंटिमीटर थर द्यायचा झाला तरी सुमारे 33 घनफूट, म्हणजे एक तृतीयांश ब्रास एवढेच मिश्रण लागते, आणि आपल्याला तर फक्त खळगे भरायचे आहेत. म्हणून रेतीची अख्खी ट्रॉली मागवून ती दारात वर्षभर पडू देऊ नये.

त्यापेक्षा खोल खळगे आणि सगळे उंचवटे यांसाठी गवत उचलावे लागते. जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना धारदार पावड्याने हातभर लांबी-रुंदीचे चौकोन कापावेत, मुळांसह दोन इंच जाडीची खापली सोडवून बाजूला सावलीत ठेवावी, खालची माती काढावी किंवा भरावी, भरलेली माती पायाने दाबून घ्यावी आणि खापली पुन्हा बसवावी. भरणाच्या जागी ती आजूबाजूपेक्षा अर्धा इंच उंच ठेवावी, कारण भर हमखास बसते. सांध्यांत मिश्रण भरून आठ-दहा दिवस ओल टिकवली की हराळी पुन्हा जीव धरते. ओल्या काळ्या मातीवर रूळ फिरवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने जमीन सपाट दिसते खरी, परंतु आतून ती विटेसारखी घट्ट होते आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा तेथेच साचते.

गाळाविषयी आमचे उत्तर नकारार्थी आहे. शेतात, विशेषतः हलक्या आणि मुरमाड जमिनीत गाळ टाकणे हितकारक असते आणि शासनाने 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून त्याला उत्तेजनही दिले. परंतु गाळ म्हणजे बहुतांशी बारीक चिकणमातीच असते, ती आपल्या मातीसारखीच फुगेल आणि भेगाळेल. शिवाय तलावाच्या काठचा लव्हाळा कंदांसकट ट्रॉलीत बसून आपल्या दारात येईल. अर्धवट कुजलेल्या शेणखताचीही तीच गत आहे. तरोटा, माठ आणि कितीतरी गवतांच्या बिया गुरांच्या पोटातून साबूत बाहेर पडतात, आणि उकिरड्यावरचे कच्चे खत लॉनवर पसरणे म्हणजे तणाची पेरणीच होय.

आता लव्हाळ्याकडे वळू. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला तर तीन कडा बोटांना स्पष्ट जाणवतात. हराळीचे तसे नसते, त्यामुळे कोवळ्या अवस्थेतही ओळख चुकत नाही. दांडा ओढला की तो वरच तुटतो आणि कंद जमिनीत राहतो. त्या कंदापासून दोऱ्यासारख्या काळ्या मुळ्या निघून पुढे दुसरा, तिसरा कंद अशी माळ तयार झालेली असते. वरचा कोंब तुटला की आजवर निजलेले कंद जागे होऊन फुटतात, म्हणूनच नुसते उपटल्याने लव्हाळा वाढल्यासारखा वाटतो. पावसानंतर वाफशावर सब्बलेने किंवा लांब पात्याच्या खुरप्याने वीतभर खोल माती सैल करावी, माळ न तोडता कंद काढावेत आणि ते सिमेंटच्या ओट्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. खताच्या खड्ड्यात टाकलेले कंद मरत नाहीत. मागे राहिलेले कंद फुटतीलच, तेव्हा दर पंधरा दिवसांनी नवे कोंब त्यांना नवीन कंद धरण्याआधीच काढत राहावे. हे काम एका पावसाळ्यात संपत नाही, दुसऱ्या वर्षीही ते करावे लागते.

उंचवट्यांवरची एकदांडी आणि दुधी यांसाठी स्वतंत्र उपाय नको. जागा सपाट झाल्यावर यंत्राचे पाते दोन इंचांवर ठेवावे आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. दाट हराळीखाली ऊन पोहोचले नाही की या तणांच्या बहुतेक बिया रुजत नाहीत. फवारणीविषयीचे उत्तर पुढील पत्रात आले आहे.

प्रश्न : लॉनमध्ये रुंद पानांचे तण फार झाले आहे. कृषी केंद्रातून टू-फोर-डी फवारण्याचा सल्ला मिळाला, कारण त्याने गवत मरत नाही. लॉनच्या धुऱ्यापलीकडे भावाची कपाशी आहे. फवारावे काय? लव्हाळ्यासाठीही एखादे औषध असल्यास कळवावे. काही जण मीठ टाकायला सांगतात.
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : टू-फोर-डीने गवतवर्गीय वनस्पती सहसा मरत नाहीत आणि रुंद पानांची तणे मरतात, इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. परंतु कपाशीइतके या औषधाला नाजूक पीक क्वचितच असेल. वाऱ्याबरोबर गेलेले तुषार तर सोडाच, उष्ण हवेत त्याच्या एस्टर प्रकाराची वाफही दूरवर जाते. कपाशीची नवी पाने मग अरुंद होऊन पंजाच्या बोटांसारखी लांबट दिसू लागतात, शिरा एकमेकींना समांतर येतात आणि पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळतात. अनेकदा शेतकऱ्यांना हा विषाणूजन्य रोग वाटतो आणि ते त्यावर आणखी एक फवारणी करतात. दुसरा धोका पंपाचा आहे. ज्या पंपाने हे औषध मारले तोच पंप साध्या पाण्याने विसळून कपाशीत कीटकनाशकासाठी वापरला तर पंपात आणि नळीत उरलेला अंशही पुरेसा ठरतो. भावाभावांत धुऱ्यावरून आधीच कमी वाद नसतात, त्यात ही भर नको. ऑगस्टमध्ये हाताने निंदण करावे; 1000-1500 चौरस फुटांचे काम दोन मजूर दिवसभरात सहज करतात.

लव्हाळ्यावर चालणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे औषध उसासारख्या पिकात वापरले जाते. परंतु त्याची एकरी मात्राच चाळीस ग्रॅमांच्या आत आहे, म्हणजे 1000 चौरस फुटांसाठी ते जेमतेम एक ग्रॅमही होत नाही. एवढे वजन घरी अचूक करता येत नाही आणि अंदाजाने टाकल्यास शेजारच्या सोयाबीन-कपाशीला त्रास होण्याची भीती आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक तर लव्हाळ्याबरोबर हराळीही मारते. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. 2017 च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण जाणताच. ज्या अंगणात मुले अनवाणी खेळतात तेथे शोभेसाठी विष वापरू नये, या मताला आम्ही धरून आहोत.

मीठ टाकण्याचा सल्ला तर सर्वांत वाईट आहे. मिठातील सोडियममुळे काळ्या मातीच्या कणांची घडण मोडते, ओली असताना ती चिखल होते, वाळल्यावर दगड होते आणि पाणी मुरणे बंद पडते. तण त्या वर्षापुरते जाईल, परंतु अंगणात स्वतःच्या हाताने खारपाणपट्टा, म्हणजे खारट माती-पाण्याचा पट्टा, तयार होईल.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यातच आहे. बोअरचे पाणी दिल्यामुळे लॉनवर पांढरा थर येतो, मधला भाग बसल्यासारखा झाला आहे आणि तेथे पाणी साचते. वरून मुरूम टाकून जागा उंच केली तर चालेल काय?
(एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : पूर्णेच्या खोऱ्यात हा प्रश्न घरोघरी आहे आणि मुरमाने तो सुटणार नाही. मुरमाचा थर वर आणि निचरा न होणारी माती खाली अशी रचना झाली की पाणी दोहोंच्या सांध्यावर अडून राहते आणि क्षार पुन्हा वर चढतात. आधी पाण्याला वाट द्यावी. लॉनच्या सखल बाजूला हात-दीड हात खोल चर काढून तो रस्त्याच्या नालीपर्यंत न्यावा. उघडा चर नको असल्यास त्यात गिट्टी भरावी. त्यानंतर माती आणि पाणी तपासून घ्यावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माहिती मिळेल. अहवालातल्या शिफारशीनुसार पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम मिसळावे, म्हणजे पावसाच्या गोड्या पाण्याबरोबर सोडियम खाली धुऊन जाईल. चर नसताना जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. छताचे पावसाचे पाणी पन्हळीने लॉनवर सोडता आले तर ते अवश्य सोडावे. हराळी क्षार बऱ्यापैकी सोसते, म्हणून गवत बदलण्याची गरज नाही. मधला बसलेला भाग या सगळ्यानंतर, वर सांगितल्याप्रमाणे खापल्या उचलून त्याच मातीने भरावा.

प्रश्न : कुंपणाच्या कडेने गाजरगवत वाढले असून तेथून ते लॉनमध्ये शिरते. मागील वर्षी ते उपटताना घरच्या बाईंच्या हातांना पुरळ आले. कायमचा उपाय सांगावा.
(एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा दाह होतो आणि त्याच्या परागकणांनी दम्याचा त्रासही वाढतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि नाकावर रुमाल याशिवाय त्याला हात लावू नये, आणि ज्यांना एकदा पुरळ आले आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. ते फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना मुळासकट उपटावे. फुले आल्यानंतर उपटून तेथेच फेकले तरी बी पक्व होऊन सांडते. फुलापूर्वी उपटलेले गवत खड्ड्यात कुजवून चांगले खत होते. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळसर पाठीवर तपकिरी नक्षी असलेले छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नये. हे मेक्सिकन भुंगे गाजरगवताची पाने खाऊन त्याची चाळण करतात आणि त्यासाठीच ते भारतात 1984 मध्ये सोडण्यात आले. कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात तरोट्याचे बी टाकावे. तो दाट उगवून गाजरगवताला वर येऊ देत नाही आणि आषाढात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. फक्त तो शेंगा वाळण्याआधी कापावा, नाहीतर एक पाहुणा घालवून दुसरा घरात घेतल्यासारखे होईल.

प्रश्न : लॉनच्या एका कोपऱ्यात कडुनिंब आहे. त्याच्या भोवती गवत विरळ होते, जमीन खचते, आणि या वर्षी ऑगस्टमध्ये गवताचे तुकडे सतरंजीसारखे उचलून येऊ लागले. रात्री डुकरेही तेथेच उकरतात.
(एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. झाडाची मुळे ओल ओढून घेतात म्हणून तेथील माती जास्त आकसते आणि बसते, तर सावलीत हराळी विरळ होते. तिला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागते. गवत सतरंजीसारखे उचलून येणे ही मात्र हुमणीची खूण आहे. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीच्या पाल्यावर बसतात, जवळच अंडी घालतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या गवताची मुळे कुरतडतात. डुकरे त्या अळ्यांसाठीच उकरतात. उचललेल्या खापलीखाली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी दिसली की खात्री पटेल. या वर्षी हाताने जितक्या अळ्या निघतील तितक्या काढून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकाव्यात. पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडताच संध्याकाळी झाडाच्या फांद्या हलवून खाली पडणारे भुंगेरे गोळा करावेत, आणि हे काम आठ-पंधरा दिवस चालू ठेवावे. शेजाऱ्यांच्या निंब-बाभळीखालीही तसेच केले नाही तर फारसा उपयोग होत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती पाच-सहा फुटांत गवताचा हट्ट सोडून द्यावा आणि वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करून तेथे बसायला एखादा दगडी ओटा बांधावा. ओट्याचा पाया मुळे तोडून मात्र खणू नये.